ऐंशी लिटर

सहा आठवडे टाकीत कोणीच नव्हतं.
दगड, वाळू, पंपाची घरघर,
आणि दर रविवारी काचेच्या नळीत थेंब मोजून
रंग बदलतो का ते बघणारी वारा.
(वारा म्हणजे त्यांच्या आयमारा भाषेत तारा.
आपल्याकडे ते दोघं एका अक्षराने दुरावले.)
आधी हिरवा, मग जांभळा, मग परत फिका:
विष चढलं, विष उतरलं.
आज नळीत काहीच नाही.
‘काहीच नाही’ची इतकी वाट
या घरात कधी कोणी पाहिली नव्हती.

तिचे वडील, फाउस्तो सिर्पा,
एकवीस वर्षं बोलिव्हियाच्या नौदलात.
समुद्र नसलेल्या देशाचं नौदल:
तळ्यावर गस्त, गणवेश पांढराशुभ्र,
तेवीस मार्चच्या मिरवणुकीत छाती काढून पुढे,
पणज्याच्या काळी हातचा गेलेल्या किनाऱ्यासाठी.
लाटेची चव मात्र जिभेला नाही.

मीठ उयुनीचं टाकू, ते म्हणाले होते,
आपलंच आहे, डोंगरभर आहे.
दुकानवाली दोन्या कासिल्दा हसलीसुद्धा नाही.
"ते बटाट्यात घाला.
माशाचं मीठ जर्मनीहून येतं, पिशवीतून."
त्यांनी नाणी मोजून दिली, सावकाश.

एल आल्तोत पाणीसुद्धा धापा टाकतं.
चार हजार मीटरवर त्यात हवा टिकत नाही,
म्हणून दोन पंप,
आणि वीज गेली तर सायकलचा पंप घेऊन
कोणी उठायचं, ती पाळी भिंतीवर लिहिलेली.
मासे येतात आंतोफागास्ताच्या बंदरातून, रात्रीच्या ट्रकने.
त्या गावाचं नाव वडील अजून आपल्या नकाशात घालतात.
घाट चढता चढता पिशव्या फुगतात,
दुकानात पोचतात तेव्हा ढोलासारख्या ताणलेल्या,
आत एकेक जीव, कानात दडे बसल्यासारखा.

वडिलांनी बोट ठेवलं ते पिवळ्यावर:
बशीएवढा, झेंड्याचा मधला पट्टाच जणू.
"हा."
"याला तुमची टाकी म्हणजे कोठडी. महिन्यात वेडा होईल."
मग तो निळा, ठिणगीसारखा, स्वस्त, चिवट.
"चिवट खराच. पण पाण्यात राहून
सगळ्यांना पाण्यात पाहतो.
आधी आला की मालक होतो,
मागून येणाऱ्याला शेपूट उरत नाही."
वडिलांना तो फार आवडला होता,
हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

वारा खालच्या काचेशी उकिडवी बसलेली.
तिथे एक गोबी, बोटभर, मळक्या हळदीच्या रंगाचा,
तोंडात वाळू भरायचा, बिळाबाहेर थुंकायचा,
पुन्हा आत.
या शहरातल्या कुठल्याही माणसासारखा:
पैसे आले की एक मजला,
तोवर सळ्या उघड्या.
"हा काही फारसा दिसायचा नाही," दोन्या कासिल्दा म्हणाली.
"दिसायला कशाला हवा? असला म्हणजे झालं."

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली अर्धा तास.
मग बारीक नळीने थेंब थेंब
इथलं पाणी त्याच्या पाण्यात,
जसा खालून आलेल्या पाहुण्याला
आधी कोकाच्या पानांचा चहा देतात, मग घर दाखवतात.
सोडला.
दगडामागे गेला. संपलं.

तीन दिवस.
शेजारची माणसं आली, वाकून बघून गेली.
काय पाळलंय, दगड?

चौथ्या रात्री वीज गेली.
पाळी वाराची होती, उठले वडील.
विजेरीच्या उजेडात बिळाच्या तोंडाशी
दोन डोळे,
आणि ताज्या वाळूचा एवढासा ढीग.
तिला हाक मारावी की झोपू द्यावं,
ठरवता ठरवता त्यांनी टाकीत बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
खारट. आणि मागून जरा कडू.
हे कोणी सांगितलं नव्हतं.
पंप मारत राहिले.