बरणी

भूमच्या सरकारी दवाखान्यात
ह्या वैशाखातली ही तिसरी बरणी.
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आत लोणच्याचा वास अजून,
आणि तळाशी तो,
भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाचा, केसाळ,
पाय पसरले तर तळहाताएवढा.
"आधी ह्याला बगा, मंग पोराला,"
गयाबाई म्हणाली. मागं लेक, पांढराफटक,
पोटरीला सुतळी आवळलेली.

मी इथं फक्त गोळ्या देते, खिडकीआडून.
डॉक्टर मीटिंगला धाराशिवला.
रांगेत मात्र सगळेच जाणकार निघाले.

व्यंकट हवालदार, जैसलमेरला नऊ उन्हाळे काढलेले:
"उंटाच्या पोटाखाली शिरतो, भूल देतो,
खात ऱ्हातो खालून. उंटाला पत्त्या नाय.
अन् पळतो जीपच्या बरोबरीनं. माझ्याच जीपच्या."
कितीनं होती जीप?
"वाळूत मीटर कोण बघतंय."

इलाही मामू, न्हावी, स्वतः तुळतुळीत:
"रात्री बायकांचे केस कातरतो. आमचाच धंदेवाला."
त्यांच्या सासूची अर्धी वेणी म्हणे सकाळी उशाला पडलेली.
"ती उवांपायी मी कापली होती,"
मामी मागून म्हणाल्या, खोकत.

कुणी दहा पाय मोजले, कुणी बारा.
एकीनं तोंडावर पदर धरला,
त्याचा श्वास लागला की फोड उठतात म्हणून.

मी बरणी उजेडात धरली.
पाय आठच.
पुढचे दोन पाय नव्हेत,
अंधारात खुंटी शोधावी तसे चाचपणारे हात.
तोंडाशी दोन अडकित्ते, शेजारी शेजारी.
नांगी नाही. विषाची पिशवी नाही.
जाळं विणत नाही, म्हणजे कोळीही नव्हे.
विंचवाच्या घरचा नाही, कोळ्याच्या दारचा नाही,
भावकीतलाच कुणी लांबचा,
सातबाऱ्यावर नाव नसलेला.

चावतो का? चावतो.
सुपारी फोडताना बोट सापडावं, तसा.

सुतळी कापली. साबणानं पाय धुतला.
सिस्टरला धनुर्वाताची सुई द्यायला सांगितलं.
पायात रक्त परतलं, मुंग्या आल्या,
तेव्हा कुठं पोरगं रडलं.
पाय काळा पडला असता तर सुतळीनं,
आणि नाव लागलं असतं ह्याचं.

"पण माज्या मागं लागला मॅडम.
मी पळलो, तो पळाला.
मी उभा ऱ्हायलो, तो पायापाशी येऊन उभा."
कुठं?
"खडी केंद्रावर. बाराच्या टायमाला.
मोठा दगड उलटवला अन् खालून निघाला."

मी पाहिलंय ते खडी केंद्र.
बाभळसुद्धा नाही तिथं.
अरे, त्याच्या डोक्यावर तेवढा एक दगड होता, तो तू काढलास.
मग अख्ख्या माळावर सावली उरली ती तुझी,
पायाशी गोळा झालेली,
घडी घातलेल्या घोंगडीएवढी.
तो तिच्यामागं होता.

"मंग जीपच्या मागं?" हवालदारांनी विचारलं.
जीपची सावली मोठी असते, काका.
ते गप्प बसले.
बाकावर नख घासत राहिले बराच वेळ.
मग हळूच, दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं:
"उंटाची तर लईच मोठी असती."

दिवस कलल्यावर कंपाउंडपलीकडं बरणी आडवी केली.
आधी हलेना.
मग असा सुटला की मी दोन पावलं मागं सरले.
माहीत असूनही सरले.

दुसऱ्या दिवशी एस.टी. थांब्याला शेड नव्हतं,
दोन वर्षांपासून नाही.
विजेच्या खांबाच्या सावलीत आम्ही सातजण,
एकामागं एक, अंग चोरून,
सावली सरकेल तसे सरकत.
माझ्या पुढं गयाबाई.
मान न वळवता म्हणाली,
"बरणी धुऊन ठिवा बरं.
कैऱ्या चिरून पडल्यात घरी."