अठ्ठावीस अंश

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडं एक प्लास्टिकची पट्टी आहे,
दोन पायांची, कंपासपेटीतल्यासारखी.
ती माझ्या कोपराला लावतात, वाचतात,
वहीत लिहितात : अठ्ठावीस कमी.
मग दाबतात. नोवु इदेया?
कुठल्या भाषेत ओरडायचं ते ठरायच्या आत
ओरडून झालेलं असतं.

देसूरच्या फाटकापाशी स्कूटी घसरली.
पिशवीतली रताळी पार रुळापर्यंत गडगडली.
मला आठवतात ती रताळीच.
हाताचं नंतर कळलं.

आता मळणी संपलीय, खळं मोकळं आहे.
भाताची तुसं अजून पायाला टोचतात.
साडेसहाला पोरं येतात लाठ्या घेऊन,
काहींचा शाळेचा गणवेश तसाच.
भरमाण्णा वस्ताद जोत्यावर सुपारी कातरत बसतात;
त्यांचे गुडघे गेल्यापासून
समोर उभं राहायचं काम माझ्याकडं.

थंडीत माझ्याआधी कोपर जागं होतं.
निर्गुडीचा पाला, गरम पाण्याची पिशवी,
मग लाठी. वेळूची,
मुठीपाशी काळी पडलेली.
पूर्वी ती माझ्याभोवती गोल फिरायची,
आता अंड्यासारखी फिरते.
उजवीकडं, जिथं हात लांब सुटायचा,
तिथं हवेत एक खाच पडते.
आवाजही बदलतो : सूं, सूं, आणि एक खुडूक.
त्या खाचेतनं कुणीही आत येईल,
म्हणून डावा पाय अर्धं पाऊल पुढं.
हात देत नाही ते कमरेकडनं मागून घेते.
हे उसनं मागायला शिकण्यात सहा महिने गेले.
कंबर काही फुकट देत नाही,
रात्री वसूल करते.

परवा सहज ओळीच्या मागं गेले
आणि बघितलं :
चौदा पोरं, चौदा उजवी कोपरं,
वाकलेली. तेवढीच.
गुरवांची निधी तर अर्धं पाऊलसुद्धा पुढं टाकत होती,
खालचा ओठ आत घेऊन,
दुखलं की मी घेते तसा.

लाज वाटली.
धड हाडांची पोरं, आणि मी त्यांना
माझा अपघात शिकवला होता.
हात सरळ करा, मी ओरडले.
निधी म्हणाली, सरळ म्हणजे कसा बाई?
तुमचा तर असाच की.

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.
म्हणाले, तिला पुढं उभी कर. तू मागं जा,
आणि तोंडानं सांग.
आजवर हातानंच बोललीस.

तर आता मी शब्द शोधते.
आडात घागर सोडतेस ना, तसा सोड, म्हणते.
दोर संपेपर्यंत सोड.
उंबऱ्यातनं गाईला हाक मारताना
हात जातो, तसा जाऊ दे.
माझ्याकडं नसलेला हात
मी तिला तोंडानं देते, थोडा थोडा,
कधी चुकीचाही.
काल तिची लाठी एकदा पुरी फिरली.
सूं. नुसतं सूं.
शालीच्या आत माझं कोपर तिच्याबरोबर निघालं
आणि नेहमीच्या जागी थांबलं.

पोरं गेली की मी खळ्यावरचा बल्ब विझवते
आणि अंधारात माझं अंडं फिरवते.
वस्ताद जोत्यावरनं ऐकतात.
खुडूक आलं की खाकरतात, बस्स.

मंगळवारी परत पट्टी आहे.