काट्यावरची चौकट

मारेगावच्या जिनिंगात, वजनकाट्याच्या खोलीत,
मी तीन दिवस पुष्पलता आत्रामच्या मागे
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो.
प्रोग्राम माझा, हात तिचे.

ट्रॉली काट्यावर चढते. आकडा थरथरतो, थांबतो.
ती गाडीचा नंबर टाकते, आणि पडद्याच्या मधोमध
माझी चौकट उभी राहते,
करड्या रंगाची, कमरेवर हात ठेवून:
वजन नोंदवले आहे. ठीक?
ती एंटर दाबते. करंगळीनं.
बाकीच्या बोटांत पावती असते
आणि नजर खिडकीबाहेर, पुढच्या ट्रॅक्टरवर.
"काहून विचारते थे इतकं?" ती म्हणाली,
"वजन घेतलं त ठीकच हाये न."

दिवसाला दोनशे दहा ठीक. मी मोजले.

कोपऱ्यातली फुली मी नाजूक काढली होती,
तिळाएवढी. माऊसच्या पोटात कापसाची लव,
बाण टोळासारखा उड्या मारतो,
फुलीपर्यंत कधी पोचतच नाही.
एस्केप मीच बंद ठेवलं होतं.
चौकटीबाहेर टिचकी मारली तर टुंग वाजायचं,
ते टुंग मी हौसेनं निवडलं होतं, एका रात्री,
सतरा आवाज ऐकून.

दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमारास,
बोट शेजारच्या बटणावर पडलं,
चौकट आली, करंगळी आली.
फक्त या वेळी चौकटीत लिहिलं होतं:
ही नोंद कायमची पुसायची?
तोच रंग. तीच जागा. तेच एंटर.
एकोणतीस क्विंटल चाळीस किलो
टुंगसुद्धा न करता गेले.

माल गंजीवर पडून मिसळला होता.
झिबल टेकाम रिकामी ट्रॉली घेऊन दारात उभा.
मुनीमजींच्या वहीत पेन्सिलीनं आकडा होता म्हणून निभलं;
ती वही बंद करायला मीच सांगितलं होतं.
"माही चूक झाली, साहेब," पुष्पलता चारदा म्हणाली.
मी पाचव्यांदा म्हणायला हवं होतं.
मी चहा मागवला.

आमच्या गावी गुणवंतकाका निरोप आणायचे.
सायकलीवरून पाय न टेकता, कुंपणापलीकडून:
"सांजीले पंगत हाये वं!"
आणि पुढे. ऐकलं तर ऐकलं.
आई पोळी उलटत राहायची.
एकदाच त्यांनी दार ठोकलं,
विहिरीत बैल पडला त्या रात्री,
आणि आख्खी आळी दोर घेऊन उठली.

मग मी चौकटी काढत बसलो. घालण्यापेक्षा
काढायला जास्त दिवस लागले.
वजन नोंदवल्याची ओळ आता पडद्याच्या तळाशी येते,
बोलते, आपली आपण निघून जाते.
एस्केप चालतं. बाहेर कुठंही टिचकी चालते.
पुसलेली नोंद आठ दिवस खालच्या कप्प्यात राहते,
एका बटणावर परत येते;
विचारायचं कारणच उरलं नाही.
एकच चौकट ठेवली: काटा शून्यावर नसेल तेव्हाची.
ती एंटर ऐकत नाही.
हंगामात ती दोनदा आली म्हणतात.

फाल्गुनात पुष्पलताचा फोन आला.
"तुमचा थो डब्बा दिसतच नाही आता.
बंद पडला काय?"
नाही, मी म्हणालो, आहे तिथंच,
आणि अजून काही सांगणार होतो,
रंगाबद्दल, त्या तळाच्या ओळीबद्दल,
तेवढ्यात पलीकडे लोखंड कण्हलं,
ट्रॉली काट्यावर चढली,
आणि तिनं मला
करंगळीनंच बंद केलं असावं.