आतली कडी

फॉर्मवर अकरावा रकाना: रुग्णाचे ध्येय.
तिथं मी बरीच वर्षं
आधीच्या बाईंचं बघून लिहीत आले:
गोळ्या वेळेवर घेणे.

निवास कोष्टीला पहिल्यांदा खरंच विचारलं
तेव्हा विट्यात लाइट गेली होती.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प,
आणि तो कानांवर हात दाबून म्हणाला,
"मॅडम, थांबा जरा. आत्ता ती बोलत्यात."
थांबले.
थांबायचं मला कुणी शिकवलं नव्हतं;
शिकवलं होतं ते विचारायचं:
आवाज किती, बाईचे का पुरुषाचे,
हुकूम सोडतात का.

लाइट आली. खटक् खट, खटक् खट,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि त्याचा चेहरा
तुटलेलं सूत सांधल्यासारखा परत सलग.
"मागाच्या दणक्यात त्यांचं काय चालत न्हाई."
मग तुला काय पाहिजे, निवास?
दाराकडं बघत राहिला.
"कडी. आतनं."

दाराला कडी होती ती बाहेरून,
चार वर्षांची, कुलपासकट,
किल्ली सुंद्राक्कांच्या पदराला.
एका रात्री तो अनवाणी भिवघाटापर्यंत चालत गेलेला.
आणला तेव्हा त्याची पावलं
त्यांनी मांडीवर घेऊन धुतली,
खडे एकेक करून काढले,
आणि सकाळी बाजारातनं कुलूप आणलं.
हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.

पाच महिने मी कडीवरच बोलत होते.
थोरला भाऊ म्हणाला, जबाबदारी घेता? लिहून द्या.
नाही दिलं. माझीही छाती नव्हती, खरं सांगते.
तोडगा निघाला तो निवासकडून,
कांडी भरता भरता, मान वर न करता:
"दाराला भोक पाडा. कडीला सूत बांधून
भाईर सोडा, आईच्या हाताला.
दोन दिस जेवलो न्हाई, तर वढ म्हणावं.
त्याच्या आत न्हाई."

बत्तीस रुपयांची कडी, चार स्क्रू.
सूत त्यानंच निवडलं, पिळाचं, तांबडं.
पहिल्या रात्री सुंद्राक्का उंबऱ्याबाहेर
ते सूत मुठीत धरून बसल्या
आणि पहाटे बसल्या जागी झोपल्या.

चैत्रात ओढावं लागलं.
दोन दिवस पुरे मोजून, तिसऱ्या सकाळी.
मिरजेला अकरा दिवस, इंजेक्शनं,
माझ्या साहेबांचा फोन: सांगितलं होतं ना तुम्हाला.
भाऊ जुना कोयंडा घेऊन दारात उभा,
तर म्हातारी म्हणाली,
"त्यानं सांगितलं तसंच झालं की रं.
कडी ऱ्हाऊ दे."

आता मी जाते आणि दार वाजवते.
तांबडं सूत समोर लोंबत असतं,
बोटानं ओढलं तर उघडेल इतकं जवळ.
हात मागं बांधून उभी राहते.
आतून कधी कडी निघते, कधी वेळ लागतो.
परवा निघालीच नाही.
"आज नगं, मॅडम. बेस्तरवारी या."
आवाज ताठ होता, झोपेतून उठलेल्या
कुठल्याही माणसासारखा वैतागलेला.

स्टँडवर बसून फॉर्म भरला.
भेट झाली का?
झाली, लिहिलं,
आणि बेस्तरवारची एसटी किती वाजता ते विचारून आले.