योग्य त्या चौकटीत खूण करा

सम्यकाच्या शाळेचा फॉर्म
वॅक्सच्या डब्यावर ठेवून भरते आहे मी.
आईचा व्यवसाय:
नोकरी, धंदा, गृहिणी.
तीन चौकटी, एकेक तिळाएवढी.
पेन तिन्हींवरून फिरून आलं
आणि टोपण लावून बसलं.

नोकरी म्हणावी तर
करारात अकरावं कलम आहे,
दापोडीच्या रेल्वे फाटकापाशी उभं राहून
अंगठ्याने खाली खाली सरकवत मीच मान्य केलेलं:
सदर भागीदार ही कंपनीची कर्मचारी नाही, नव्हती,
आणि या कराराचा तसा अर्थ लावता येणार नाही.
नव्हती, हे विशेष.
मागचंही पुसून घेतलं,
ओल्या फडक्याने.

धंदा म्हणावा तर
माझ्याच धंद्यातला भाव मला ठाऊक नसतो.
सकाळी मोबाईल सांगतो: बाणेर, फेशियल, साडेदहा.
एकदा नाही म्हटलं की टक्का उतरतो,
तीनदा म्हटलं की आठ दिवस मोबाईल मुका.
गुलाबी टी-शर्टचे पैसे माझ्याच खात्यातून कापले.
मालकिणीला गणवेश असतो का हो कुठे?
पाठीवर त्यांचं नाव छापलंय.
धुवायला मी.

गृहिणी, तर
घरात मी असते कधी.

पपांना पिंपरीत पंचकार्ड होतं.
पिवळं, कडा तेलकट.
उशीर झाला की वेळ लाल शाईत उमटायची
आणि पपा त्या लाल आकड्यांना
आख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा शिव्या घालायचे.
पण बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा
त्या कार्डाच्या जोरावरच चिंचवडला ईएसआयमध्ये खाट मिळाली.
आई डबा न्यायची, मी तिच्या पदराला.
एकवीस दिवस.
घरात पैसे येत राहिले.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात येतात.

मार्चमध्ये औंधला
एका बाईंच्या बाथरूममध्ये हीटर कलंडला.
मनगटापासून कोपरापर्यंत.
बाई चांगल्या होत्या. बर्फ दिला,
वर पाच स्टार दिले.
हेल्पलाइनवरचा मुलगा आवाजावरून विशीतला.
म्हणाला, मॅम, तुम्हाला रजेची गरजच नाही,
तुम्ही स्वतंत्र आहात.

स्वतंत्र.
शाळेत या शब्दावर बुंदीचा लाडू मिळायचा.

मी विचारलं, आणि तुला असते का रे रजा?
तो थांबला. त्याच्या मागे
कितीतरी पोरं एकाच वेळी मॅम मॅम म्हणत होती.
सेम, मॅम, तो हळूच म्हणाला,
आम्हीपण कन्सल्टंट.
मग घाईने विचारलं,
या कॉलला किती गुण द्याल?
दिले.
त्याचं तरी व्हावं.

बावधनच्या सोसायटीत गेटवर वही असते:
नाव, वेळ, कुठून आलात.
शहाजीकाका म्हणतात, कंपनीचं नाव टाका ताई.
ते स्वतः एजन्सीचे,
ती एजन्सी दुसऱ्या एजन्सीची,
काठी तेवढी त्यांची.
मी लिहिते. ललिता ओव्हाळ, दहा बावीस, आणि कंपनीचं नाव.
त्या वहीने अकरावं कलम वाचलेलं नाही.

नसीम म्हणाली, फोटो काढून ठेव त्या पानाचा,
रोज, न चुकता.
कशाला ते तिलाही नक्की सांगता येईना.
कुणीतरी वकीलबाई आहेत म्हणे शिवाजीनगरला,
बघतील कधीतरी.
दोनशे चौदा झालेत.
परवा मोबाईल म्हणाला, जागा संपली.
सम्यकाच्या वाढदिवसाचे सात फोटो उडवले.
वहीचा एकही नाही.

फॉर्म उद्या चारच्या आत द्यायचा आहे.
डब्याचा गोल तेलकट डाग कागदावर उतरलाय,
वडिलांच्या रकान्यात, तिथे तसंही काही लिहायचं नव्हतं.
सम्यका झोपेत कूस बदलते.
मोबाईल उजळतो: वाकड, पेडिक्युअर, सव्वाआठ.
हो म्हणते.
मग पेनचं टोपण काढते.