आठवी ब, पाचवा तास

शिबिरात सांगितलं होतं,
ऐकलेलं मुलं विसरतात, केलेलं विसरत नाहीत.
मी ते उतरवून घेऊन खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ऐरोली, सेक्टर पाच. खिडकीतून ओहोटीच्या खाडीचा वास,
पटावर एक्केचाळीस मुलं,
टेबलावर स्टाफरूममधला स्टीलचा जग
आणि कंपासपेटीच्या झाकणात घडी घातलेल्या चिठ्ठ्या.
विहिरीला शिवू शकणारे. न शकणारे.
आडनावं आड येऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या,
एवढी काळजी मी घेतली होती.

कैवल्य टिपणीसला तहान निघाली.
तो कमरेत वाकला, कुठल्याशा मालिकेतल्या आवाजात
"पानी वाढा जी मायबाप" म्हणाला
आणि वर्ग हसला.
तोही हसला, ओंजळ तशीच धरून.

ओतायची चिठ्ठी उत्पला गायसमुद्रेला.
तिने जग दोन्ही हातांनी उचलला
आणि पाहुण्याला देतात तसा
त्याच्या ओंजळीपर्यंत खाली आणला.
स्टील त्याच्या बोटांना लागलं.

मी म्हणाले, तसं नाही गं.
वरून.
अजून थोडं वरून.

पस्तीस मिनिटांत एवढंच माझं.
बाकी सगळं मुलांनी केलं, असं मी अहवालात लिहिलं.

घंटा झाली. कैवल्यने पँटला हात पुसून डबा उघडला.
काय वाटलं ते चार ओळींत लिहा, म्हटलं होतं.
त्याने लिहिलं: मजा आली. मग वाईट वाटलं.
क्रम त्याचाच.
उत्पलाने तारीख घातली, समास आखला
आणि लिहिलं: माझा हात दुखला.
मी बरोबरची खूण केली.
दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

शनिवारी तिचे वडील आले, रबाळ्याच्या कंपनीतून थेट,
निळ्या शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं.
मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती.
ते म्हणाले, शिकवा मॅडम, नक्की शिकवा.
आम्ही घरी सांगतोच, तारखांसकट.
पण त्या दिवशी विचारलं, शाळेत काय केलंस,
तर म्हणाली, बाबा, मला जमलं.
यावर बापाने काय म्हणायचं असतं?

मग उठता उठता,
आणि चिठ्ठ्या कशाला? तेव्हा कुणी चिठ्ठ्या टाकल्या होत्या?
रागाने नाही. एखादा नट सैल आहे का
ते बोटाने बघावं, तसं.

झाकणात एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या.
बेचाळिसावी मी केली नव्हती.
बाई चिठ्ठी उचलत नाहीत.
आजोळच्या विहिरीवर कुणी कुठे उभं राहायचं
हे मला कधी कुणी शिकवलं नाही,
तरी "अजून थोडं वरून"
मला पाठ न करता आलं.

यंदा तोच धडा.
मी एका बाईंनी पाण्याबद्दल सांगितलेलं वाचून दाखवलं,
सावकाश, खुर्चीत बसून, जग न आणता.
तिसऱ्या बाकावर दोघं पेंगले.
एकाने विचारलं, हे परीक्षेला आहे का?
आहे, म्हटलं.
मागच्या वर्षी कुणी पेंगलं नव्हतं,
हेही खरं, ते मी लपवत नाही.

उत्पला आता नववीत.
परवा स्टाफरूमच्या दारात उभी,
बाई, कूलर बंद आहे, पाणी मिळेल?
जग तोच, कडेला पोचा आलेला.
तिने बाटली पुढे धरली.
मी जगाचं तोंड बाटलीच्या तोंडाला टेकवलं,
अगदी टेकवलं,
तरी सांडलंच.
बाई, हात हलतोय तुमचा, ती म्हणाली.
भरली का?
नाही. अर्धीच.