पुढील अंकी

द्वारकेच्या पंपावर आज शंभराचं टाकलं.
पोरगा म्हणाला, झिरो बघा काका.
झिरो मी बघितला.
झिरोच्या पुढचं बघेपर्यंत
नळी परत खुंटीवर,
आणि लिटरही पुरतं भरलेलं नाही.

वर लाल दिव्यांचे आकडे.
एकशे चार, टिंब, मग आणखी दोन,
जे पहाटे सहाला बदलतात म्हणे,
शिडी न लावता.

शिडी वाळू पेंटरची असायची.
वाळू गांगुर्डे, भद्रकालीतला.
भाव वाढला की मालक सायकलवर माणूस धाडायचे,
आणि मध्यरात्री वाळू वर,
तोंडात ब्रश आडवा, कमरेला डबा.
खाली टॉर्च धरायला मी.
वडील तिथंच टायरांत हवा भरायचे,
म्हणून मला जागायची मुभा.

त्याच्या सातच्या शेपटीला वारा लागलेला असायचा.
का, विचारलं तर म्हणाला,
आकडा असा काढावा बाळ,
की वाढलेला वाटू नये,
उडालेला वाटावा.

दिवसा तो चित्रकथा काढायचा.
सोळा पानं, काळा आणि लाल,
अशोकस्तंभाजवळच्या एका छापखान्यात, उधारीवर.
किंमत पाऊण रुपया.
लाल रंग कायम रेषेच्या जरा उजवीकडे पडायचा,
त्यामुळे नायिकेचं कुंकू कानाजवळ
आणि नायकाचे ओठ गालावर.
आम्हाला वाटायचं,
शूर माणसांचं असंच असतं.

गेल्या रविवारी सिडकोत, उत्तमनगरला,
रद्दीवाल्याच्या तागडीखाली सापडला एक अंक.
मुखपृष्ठ नाही.
खलनायकाचा डावा डोळा वाळवीनं खाल्लेला,
म्हणजे तो आता जास्तच खलनायक दिसतो.
किलोवर द्या म्हटलं तर म्हणाला, अँटिक आहे, दोनशे.
एवढे?
टेम्पो काय गोदावरीच्या पाण्यावर चालतो?
दीडशेवर तुटलं.
बायकोला चाळीस सांगितले.

वाळूच्या नायकाला उडता येत नव्हतं.
त्याच्याकडे मोटारसायकल होती,
आणि नवव्या पानावर ती बंद पडते.
खलनायकानं गावचं सगळं पेट्रोल पिऊन टाकलंय,
पोटाचा पिंप झालाय, ढेकरेचा फुगा अख्ख्या चौकटीभर,
आणि नायक मुंबई नाक्याचा चढ
गाडी ढकलत चढतोय.
घामाचे थेंब बोराएवढे.
तेव्हा हसलो होतो.
काल त्याच चढावर माझी स्कूटर रिझर्व्हलाही ऐकेना,
तेव्हा घामाचा आकार तपासून पाहिला.
वाळू फार वाढवून सांगत नव्हता.

त्याच चौकटीत मागं, कोपऱ्यात, पंपाचा बोर्ड आहे.
पेट्रोल ७.८०.
सातची शेपूट वाऱ्यावर.
बोर्डाला शिडी, शिडीवर कुणी नाही,
आणि खाली चार रेघांचा एक पोरगा,
हातात टॉर्च.
नाक काढलेलं नाही.
विसरला असेल, किंवा छापखान्यानं घाई केली असेल.
बायको म्हणाली, हे कोणीही असेल.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
चड्डीचं एक बटण तुटलेलं आहे.

पिवळा रंग वाळूला परवडायचा नाही,
म्हणून टॉर्चचा झोत त्यानं कोराच ठेवला होता.
चाळीस वर्षांत कागदानंच तो भरून दिलाय.

शेवटच्या पानावर नायक अजून चढातच आहे.
खाली जाड अक्षरांत: पुढील अंकी.
पुढचा अंक निघाला नाही, कागद महागला.
मग फ्लेक्स आले.
वाळू कुठं असतो विचारलं
तर कुणी ओझरला म्हणतं, पोरीकडे,
आणि कुणी नुसतं वर बघतं.

उद्या सातपूरला पहिली पाळी.
पावणेसहाला पंपावरून जाताना
जरा थांबावं म्हणतो,
आकडे बदलताना बघायला.
गाडी बंद करूनच थांबेन, अर्थात.
टॉर्च नेण्यात काही अर्थ नाही, कळतं मला.
डिकीत आहे, एवढंच.